१:६४ मापातील पोर्शे ९११: लहान डाय-कास्ट स्पोर्ट्‌स कारचा संग्रह कसा उभा करावा

खेळण्यांच्या दुकानात दीडशे-दोनशे रुपयांना मिळणारी धातूची छोटी गाडी विकत घ्यायला फारसा विचार लागत नाही, आणि म्हणूनच बहुतेक संग्रह विचार न करता सुरू होतात. वर्षभरात दोन-तीन खोकी भरतात. त्यांत एखादी लॅम्बोर्गिनी, एखादा अमेरिकी ट्रक, एखादी काल्पनिक रेसिंग गाडी आणि तीच मस्टँग तीन रंगांत असते, पण एका गाडीचा दुसरीशी काही संबंध लागत नाही. या छंदात खरी गोडी येते ती निवडीमुळे. गाड्या थोड्या असाव्यात, त्यांतली प्रत्येक का घेतली हे सांगता यावे आणि शेजारी ठेवलेल्या दोन गाड्यांमधला फरक डोळ्यांना दिसावा. या लेखात अशा नेमक्या संग्रहाची उभारणी क्रमाने सांगितली आहे. उदाहरण म्हणून पोर्शे ९११ ही एकच गाडी घेतली आहे. १९६३ साली फ्रँकफुर्टच्या मोटार प्रदर्शनात आलेली ही गाडी आजही बनते, तिची बाह्यरेषा साठ वर्षांत ओळख न हरवता बदलत गेली आहे, आणि छोट्या गाड्या ओतणाऱ्या जवळपास प्रत्येक महत्त्वाच्या कंपनीने ती कधी ना कधी बनवली आहे. त्यामुळे गाडीचा इतिहास आणि ओतकामाचा इतिहास असे दोन्ही या एका विषयातून शिकता येतात. आपली आवड फेरारी किंवा निस्सान जीटी-आर असली तरी पद्धत हीच राहील.

माप आधी ठरवावे

डाय-कास्ट, म्हणजे साच्यात ओतलेल्या धातूच्या गाड्यांत १:१८, १:४३ आणि १:६४ ही मापे सर्वाधिक प्रचलित आहेत. १:६४ म्हणजे खऱ्या गाडीची लांबी-रुंदी चौसष्टाव्या भागावर आणलेली. १:४३ हे माप खेळण्यातल्या ‘ओ’ गेज रेल्वेमुळे रूढ झाले. तिथे खऱ्या वस्तूचा एक फूट सात मिलिमीटरमध्ये दाखवत, आणि रुळांशेजारी ठेवायच्या मोटारींनीही तेच प्रमाण उचलले. १:६४ हे रेल्वेच्या ‘एस’ गेजचे प्रमाण आहे. सुरुवात करणाऱ्याने या तिन्हींपैकी एकच माप घ्यावे आणि निदान पहिली काही वर्षे ते सोडू नये, कारण वेगवेगळ्या मापांच्या गाड्या एका फळीवर शेजारी ठेवल्या की तुलना करताच येत नाही.

निवड करताना जागेचा हिशेब अगोदर मांडावा. आजच्या पिढीच्या (कंपनीच्या अंतर्गत क्रमांकानुसार ९९२) ९११ कॅरेरा या आवृत्तीची रुंदी १८५२ मिलिमीटर आहे. १:१८ मध्ये ती सुमारे १०३ मिलिमीटर होते, म्हणजे मोकळी जागा धरून एक मीटर लांबीच्या फळीवर नाक पुढे करून आठ गाड्या बसतात. १:६४ मध्ये तीच रुंदी २९ मिलिमीटर होते आणि त्याच फळीवर वीस-बावीस गाड्या ऐसपैस राहतात. मुंबई-पुण्याच्या घरांत हा फरक निर्णायक ठरतो. किंमत आणि उपलब्धता पाहिली तरी १:६४ चेच पारडे जड आहे, म्हणून पुढील सर्व मार्गदर्शन त्या मापापुरते आहे.

वेष्टणावर १:६४ छापलेले असले म्हणजे गाडी त्या मापाची असतेच असे नाही. हॉट व्हील्स या अमेरिकी ब्रँडच्या साध्या मालिकेतील सर्व गाड्या एकाच आकाराच्या कार्डावर, एकाच आकाराच्या प्लास्टिकच्या फुग्यात बसवायच्या असतात, त्यामुळे लांब गाडी दाबली जाते आणि आखूड गाडी फुगवली जाते. टोमिका या जपानी ब्रँडच्या गाड्यांचे प्रमाणही मॉडेलगणिक बदलते, परंतु ते गाडीच्या तळावर छापलेले असते. म्हणून डिजिटल व्हर्नियर कॅलिपर, म्हणजे बारीक लांबी मोजण्याचे साधन, विकत घ्यावा. माझ्या मते संग्राहकाचे हे पहिले हत्यार आहे. खऱ्या गाडीची मिलिमीटरमधील लांबी घेऊन ६४ ने भागावी आणि हाती आलेला आकडा मॉडेलच्या लांबीशी ताडून पाहावा. सुरुवातीच्या ९११ ची लांबी ४१६३ मिलिमीटर होती, म्हणजे मॉडेल ६५ मिलिमीटरचे हवे. ९९२ कॅरेरा ४५१९ मिलिमीटर लांब आहे, म्हणजे मॉडेल साडेसत्तर मिलिमीटरच्या आसपास हवे. दोन्ही गाड्या सारख्याच लांबीच्या निघाल्या, तर त्यांतील निदान एक तरी मापाबाहेर आहे हे निश्चित.

लांबीपेक्षाही दोन चाकांच्या मध्यांमधले अंतर अधिक बोलके असते. पहिल्या ९११ मध्ये ते २२११ मिलिमीटर होते. मागे बसवलेल्या इंजिनामुळे वळणावर गाडीचे शेपूट सुटत असे, म्हणून १९६९ च्या मॉडेलपासून मागची चाके मागे सरकवून हे अंतर २२६८ मिलिमीटर करण्यात आले. १:६४ मध्ये हा फरक एक मिलिमीटरहूनही कमी आहे. तरीही काळजीपूर्वक बनवलेल्या मॉडेलमध्ये मागचे चाक चाकाच्या कमानीत नेमके कुठे बसले आहे यावरून तो जाणवतो, आणि तो जाणवू लागला की आपली नजर तयार होत आहे असे समजावे.

विषयाची यादी कागदावर उतरवणे

एकही गाडी घेण्यापूर्वी यादी करावी. ९११ च्या बाबतीत ती पिढ्यांप्रमाणे सहज करता येते. ही गाडी आधी ९०१ या नावाने दाखवली गेली. मध्ये शून्य असलेल्या तीन आकडी नावांवर प्यूजो या फ्रेंच कंपनीने हक्क सांगितल्यामुळे १९६४ साली ती ९११ झाली. यादीत पहिली जागा या आखूड, अरुंद गाडीची. त्यानंतर १९७३ ची कॅरेरा आरएस २.७ घ्यावी, जिच्या मागच्या झाकणावर बदकाच्या शेपटीसारखा उचललेला पंख आहे. शर्यतीच्या परवान्यासाठी ५०० गाड्या पुरेशा होत्या, प्रत्यक्षात १५८० बनल्या. मग फुगीर कमानींची आणि मोठ्या सपाट पंखाची ९३० टर्बो, त्यानंतर ९६४, आणि हवेने थंड होणाऱ्या इंजिनाची शेवटची पिढी म्हणून ९९३. पुढे पाण्याने थंड होणारी ९९६, मग ९९७, ९९१ आणि ९९२. अशा नऊ गाड्यांत रस्त्यावरच्या ९११ ची संपूर्ण वंशावळ उभी राहते.

शर्यतीच्या गाड्यांची दुसरी शाखा करता येते. तीत ९३४, ९३५, १९७९ साली ल मान्सची २४ तासांची शर्यत जिंकणारी क्रेमर संघाची ९३५ के३, आणि १९९८ साली तीच शर्यत जिंकणारी ९११ जीटी१ यांना स्थान मिळते. मात्र दोन्ही शाखा एकदम सुरू करू नयेत.

यादीत प्रत्येक गाडीपुढे ‘कोणत्या कंपनीची’ हा रकाना सुरुवातीला मोकळा ठेवावा. एकाच कंपनीच्या गाड्यांनी पूर्ण यादी भरण्याचा हट्ट धरला तर काही जागा वर्षानुवर्षे रिकाम्या राहतात. उलट, ९३० टर्बोसारखी एखादी गाडी मुद्दाम तीन कंपन्यांची घ्यावी. एकच वक्ररेषा तीन साचेकारांनी कशी पाहिली हे शेजारी ठेवल्यावर जे कळते, ते दहा वेगळ्या गाड्यांतून कळत नाही.

कोण काय बनवते

या आकाराच्या गाड्यांचा उगम लंडनमधील लेस्नी या कंपनीत आहे. जॅक ओडेल या तिथल्या भागीदाराच्या मुलीला शाळेत काडेपेटीत मावेल एवढेच खेळणे नेता येत असे, म्हणून त्यांनी तिला छोटा रस्ता-रोलर करून दिला. त्यातूनच १९५३ साली मॅचबॉक्सचा जन्म झाला. १९६८ साली मॅटेल या अमेरिकी कंपनीने सोळा गाड्यांसह हॉट व्हील्स आणली. बारीक तारेचे, अत्यंत कमी घर्षणाचे आस आणि धातूवर पारदर्शक चमकदार रंग यांमुळे बाजार एका वर्षात पालटला आणि मॅचबॉक्सला आपली चाके बदलणे भाग पडले. १९९७ साली मॅटेलने टायको कंपनी घेतली, तेव्हा तिच्याबरोबर मॅचबॉक्सही मॅटेलकडे आली. जपानची टोमिका १९७० मधली आहे. मजोरेट ही मूळची फ्रान्सची. तिच्या अनेक गाड्यांना दार उघडण्याची सोय आणि चाकांना स्प्रिंगसारखी लवचीकता असते. त्या किमतीत असा माल दुसरीकडे सहसा मिळत नाही, आणि माझ्या मते आपल्याकडे तिची पुरेशी कदर होत नाही.

याच्या वरच्या थरात मिनी जीटी, टार्मॅक वर्क्स, श्युको, क्योशो यांसारखी नावे येतात. यांच्या गाड्यांना रबरी टायर, वेगळे बसवलेले आरसे, काचेसारखे दिवे आणि केसाइतक्या बारीक अक्षरांची छपाई असते. किंमत साध्या हॉट व्हील्सच्या कित्येक पट असते. मिनी जीटीच्या कित्येक गाड्या डाव्या आणि उजव्या सुकाणूच्या अशा दोन आवृत्त्यांत निघतात. भारतात रस्त्यावर दिसणारी ९११ उजव्या सुकाणूची असते, तेव्हा आपल्याला कोणती हवी हे आधीच ठरवून मागणी नोंदवावी.

हॉट व्हील्समध्येच दोन थर आहेत. साध्या मालिकेला संग्राहक मेनलाइन म्हणतात; तिच्यात धातूची बॉडी, प्लास्टिकचा तळ आणि प्लास्टिकची चाके असतात. कार कल्चर, बुलेव्हार्ड यांसारख्या प्रीमियम मालिकांत बॉडी व तळ दोन्ही धातूचे आणि टायर रबराचे असतात. ९११ च्या संग्रहासाठी माझी शिफारस अशी, की निम्मी यादी प्रीमियम हॉट व्हील्स आणि मजोरेट यांतून भरावी आणि ज्या दोन-तीन पिढ्या आपल्याला सर्वांत प्रिय आहेत त्यांच्यासाठीच मिनी जीटीच्या पातळीचा खर्च करावा.

भारतीय संग्राहकाने आपल्याकडच्या मालाकडेही लक्ष ठेवावे. एकेकाळी ब्लो प्लास्ट या भारतीय कंपनीच्या सहकार्याने ‘लिओ’ या नावाखाली हॉट व्हील्सच्या गाड्या भारतातच बनत असत. त्यांच्या तळावर भारताचे नाव असते आणि रंगसंगती अनेकदा परदेशी आवृत्त्यांहून वेगळी असते, म्हणून परदेशांतले संग्राहकही त्या शोधतात. कोलकात्यात ‘निकी’ या नावाने जुन्या ब्रिटिश डिंकी गाड्यांच्या साच्यांवरून गाड्या ओतल्या जात. मुंबईच्या चोर बाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात रंग उडालेली एखादी जड गाडी दिसली, तर ती उलटी करून तळावरची अक्षरे अवश्य वाचावीत.

दुकानात गाडी कशी पारखावी

या गाड्या झामॅक नावाच्या मिश्रधातूच्या असतात. त्यात मुख्यतः जस्त, सुमारे चार टक्के अ‍ॅल्युमिनिअम आणि थोडे मॅग्नेशिअम व तांबे असते. तो साधारण ३८० ते ३९० अंश सेल्सिअसला वितळतो, पोलादी साच्यात दाबाने भरला जातो आणि क्षणात घट्ट होतो. साच्याचे दोन भाग जिथे मिळतात तिथे बारीक रेघ उमटते. चांगल्या साच्यात ही रेघ बंपरच्या कडेत किंवा खऱ्या गाडीच्या पत्र्याच्या सांध्यात लपवलेली असते, तर निकृष्ट साच्यात ती थेट पुढच्या कमानीवरून जाते. ९११ ची पुढची कमान हेच या गाडीचे सर्वांत नाजूक वळण असल्यामुळे तपासणी तिथून सुरू करावी.

गाडी समोरून डोळ्यांच्या पातळीवर धरावी. दोन्ही गोल दिवे सारख्या उंचीवर आहेत का, छत एका बाजूला झुकलेले वाटते का, चारही चाके टेकतात का, हे पाहावे. मग बाजूने पाहावे: छताची रेषा पुढच्या काचेपासून मागच्या बंपरपर्यंत एका ओघात उतरली पाहिजे. त्या उतारात कुठे खाच किंवा सपाटी दिसली तर ती साचेकाराची चूक असते आणि त्या साच्याच्या प्रत्येक गाडीत ती राहते. त्याउलट रंगावरचा बुडबुडा, दिव्याची सरकलेली छपाई, कमानीच्या आतल्या कडेला न पोहोचलेला रंग हे दोष त्या एकाच नगाचे असतात, आणि त्याच हुकवरची मागची गाडी निर्दोष असू शकते. हा भेद लक्षात ठेवावा. पहिल्या प्रकारचा दोष असेल तर ते मॉडेलच सोडून द्यावे, दुसऱ्या प्रकारचा असेल तर दुसरा नग मागावा.

रंगाच्या थराची जाडीही पाहावी. ६४ पट लहान गाडीत दाराची खरी फट फार तर दशांश मिलिमीटर भरेल, म्हणून साच्यात ती मुद्दाम जास्त खोल कोरतात. रंग जाड बसला की ती भरून येते आणि गाडी साबणाच्या वडीसारखी दिसू लागते. पांढरा, पिवळा आणि लाल या रंगांत असे अधिक घडते. चंदेरी रंगाचा थर बहुधा पातळ असतो आणि त्यावर सावल्या चांगल्या पडतात. साच्याची कारागिरी पाहायची असेल तर चंदेरी ९११ निवडावी.

चाकांची तपासणी वेष्टणातूनही करता येते. गाडीचा तळ जमिनीपासून किती वर आहे आणि टायर व कमान यांच्यामध्ये किती पोकळी आहे हे पाहावे. ९३० टर्बोची मागची चाके पुढच्यांपेक्षा रुंद असतात. मॉडेलमध्ये चारही सारखीच असतील तर गाडीचा बाकच हरवतो.

कार्ड आणि तळ वाचणे

तळावर कोरलेले वर्ष पाहून अनेक जण गाडी त्या सालची समजतात आणि जादा पैसे मोजतात. ते वर्ष बहुधा साच्याच्या हक्कनोंदणीचे असते, आणि तोच साचा पुढे कितीही वर्षे वापरला जातो. हॉट व्हील्सच्या अलीकडच्या गाड्यांवर निर्मितीचा काळ शोधायचा असेल तर तळावर छापलेला छोटा संकेत पाहावा. त्यात एक इंग्रजी अक्षर आणि दोन आकडे असतात; अक्षर वर्षाचे, आकडे त्या वर्षातील आठवड्याचे. तो वाचायला भिंग लागते.

ट्रेझर हंट, म्हणजे साध्या मालिकेत मुद्दाम थोड्या नगांत मिसळलेल्या गाड्या, हा प्रकार समजून घेतल्याशिवाय हॉट व्हील्सच्या बाजारात पाऊल टाकू नये. १९९५ साली बारा गाड्या प्रत्येकी दहा हजार नगांत काढून याची सुरुवात झाली. २००७ पासून त्याच्या साध्या आणि सुपर अशा दोन पातळ्या झाल्या. आताच्या सुपर ट्रेझर हंट गाडीला धातूवरचा पारदर्शक चमकदार रंग, रबरी टायर आणि छपाईत कुठेतरी ‘टीएच’ ही अक्षरे असतात. अलीकडच्या वर्षांत कार्डावर गाडीच्या मागे सोनेरी गोल चिन्हही असते. साध्या ट्रेझर हंटच्या कार्डावर ते चंदेरी असते. प्रीमियम मालिकांत पाच गाड्यांच्या संचाशिवाय एखादी काळी चेस गाडी (मुद्दाम थोड्या नगांत काढलेली) येते, तिच्यावर 0/5 असा क्रमांक असतो.

याच गाड्यांच्या बनावट प्रती सर्वाधिक फिरतात. साध्या गाडीला रबरी चाके लावून, रंग बदलून ती सुपर म्हणून विकली जाते. उघडी गाडी घेताना तळ आणि बॉडी जोडणारी रिव्हेट पाहावी. ती ड्रिलने पोखरलेली, स्क्रूने भरलेली किंवा डिंकाने झाकलेली असेल तर गाडी खोललेली आहे. बंद कार्ड असेल तर प्लास्टिकचा फुगा जिथे पुठ्ठ्याला चिकटतो ती कड उजेडात तिरपी धरावी. कारखान्यातली कड सलग आणि एकसारख्या दाबाची असते, तर पुन्हा चिकटवलेल्या कडेशी पुठ्ठ्याचा वरचा थर फाटलेला, छपाई उचललेली किंवा गोंदाची चकाकी दिसते.

खरेदी

खरेदीसाठी तीन वाटा आहेत. पहिली म्हणजे दुकान. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटच्या परिसरातील घाऊक खेळण्यांची दुकाने, मोठ्या मॉलमधील खेळण्यांचे विभाग आणि गल्लीतले स्टेशनरीचे दुकान, या सर्व ठिकाणी मेनलाइन मिळते. गल्लीतल्या दुकानात जुना माल पडून राहतो, म्हणून ते कधीच वगळू नये. दुकानदाराशी नीट बोलावे, नवे खोके कधी येते ते विचारावे आणि हवी ती गाडी घेऊन बाकीच्या पुन्हा हुकवर नीट लावाव्यात. चांगल्या गाड्यांचे सगळे नग उचलून दुप्पट-तिप्पट दराने विकणारे लोक प्रत्येक शहरात आहेत. त्यांच्याकडून मेनलाइन घेऊ नये. त्याच साच्याची दुसरी रंगसंगती पुढच्या खोक्यांत येण्याची शक्यता नेहमीच असते आणि थांबणाऱ्याचा क्वचितच तोटा होतो.

दुसरी वाट अधिकृत ऑनलाइन विक्रेत्यांची. मिनी जीटीसारख्या कंपन्यांच्या गाड्यांची आगाऊ नोंदणी तिथे महिनोन्‌महिने आधी घेतली जाते. पूर्ण रक्कम आधी मागणाऱ्या अनोळखी विक्रेत्यापेक्षा थोडी रक्कम घेऊन माल आल्यावर उरलेली मागणारा विक्रेता बरा. विक्रेत्याचे जुने व्यवहार पाहावेत आणि एक स्वस्त गाडी मागवून त्याचे वेष्टण कसे असते ते तपासावे.

तिसरी वाट परदेशातून मागवण्याची, आणि ती सर्वांत शेवटी धरावी. भारताने खेळण्यांवरील मूळ आयातशुल्क २०२० साली २० वरून ६० टक्के आणि २०२३ साली ७० टक्के केले. दुकानांतल्या आयात गाड्यांच्या वाढलेल्या किमतींमागे हे मोठे कारण आहे. १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना आयएसआय चिन्हही बंधनकारक झाले. व्यक्तिगत पार्सलवरचे शुल्क वेगळ्या शीर्षाखाली ठरू शकते, म्हणून मागवण्याच्या दिवशी सीमाशुल्क विभागाचा चालू दर पाहावा. शुल्क गाडीच्या किमतीसोबत वाहतूक आणि विमा यांवरही लागते, त्यामुळे स्वस्त गाडीवर महाग टपाल भरणे दुहेरी महाग पडते. अमेरिका, आखाती देश किंवा सिंगापूरमधील नातलग येणार असतील तर दोन-चार निवडक गाड्या त्यांच्याकडून आणवून घेणे हा मराठी घरांतला जुना मार्ग आजही सर्वांत सुरक्षित आहे.

कार्ड उघडावे की ठेवावे

यावर संग्राहकांत कायमचे मतभेद आहेत. पुढे विकण्याचा विचार असेल तर कार्ड बंदच राहिले पाहिजे, कारण उघडल्यावर किंमत उतरते. मात्र ९११ च्या पिढ्या शेजारी ठेवून पाहायच्या असतील तर त्या कार्डात ठेवून काहीच साधत नाही, आणि माझा कौल उघडण्याच्या बाजूने आहे. उघडताना फुगा फाडू नये. धारदार कटरने फुग्याची खालची कड पुठ्ठ्यालगत हळूच कापावी, गाडी खाली सरकवून काढावी आणि कार्ड सपाट फाइलमध्ये जपून ठेवावे. त्यावरचे चित्र आणि संकेत पुढे नोंदीसाठी लागतात. ट्रेझर हंट किंवा चेस गाडी मात्र बंदच ठेवावी.

आपल्या हवेत गाड्या टिकवणे

परदेशी मार्गदर्शकांत या विषयाला दोन ओळी मिळतात. कोकणात, मुंबईत किंवा गोव्यात राहणाऱ्याला मात्र याकडे सर्वाधिक लक्ष द्यावे लागते. पावसाळ्यात इथली सापेक्ष आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर जाते. त्या हवेत पुठ्ठ्याची कार्डे वाकतात, त्यांवर तपकिरी ठिपके येतात, पोलादी आस गंजतात आणि गंजाचा डाग चाकावर उतरतो. जुन्या गाड्यांना याहून मोठा धोका असतो. जस्ताच्या मिश्रधातूत शिशाचा अंश मिसळला गेला असेल तर दमट हवेत धातूच्या कणांच्या सीमांमधून क्षरण सुरू होते, बॉडी फुगते, तडकते आणि शेवटी हातात चुरा होतो. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या डिंकी गाड्यांत हा रोग फार आढळतो. त्यावर उपाय नाही, कारण दोष मूळ धातूतच असतो. आर्द्रता कमी ठेवून तो फक्त लांबवता येतो. जुनी गाडी घेताना रंगाखाली जाळीदार तडे किंवा वाकलेला तळ दिसला तर ती घेऊ नये.

काचेच्या दारांचे कपाट घ्यावे आणि दारांच्या फटींना रबरी पट्टी लावावी. आत छोटा आर्द्रतामापक ठेवावा आणि आकडा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राखण्याचा प्रयत्न करावा. त्यासाठी रंग बदलणाऱ्या सिलिका जेलच्या पिशव्या वापराव्यात. नारिंगी दाणे हिरवे झाले की ते ओव्हनमध्ये सुमारे ११० ते १२० अंशांवर दोन-तीन तास तापवले म्हणजे पुन्हा कामाला येतात. जुलै-ऑगस्टमध्ये हे दर आठवड्याला करावे लागते. कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नये. पावसाने ओल धरणारी भिंत असेल तर चार बोटे अंतर सोडावे.

पावसाळ्यात आपण कपाटांत डांबरगोळ्या टाकतो. गाड्यांच्या कपाटात त्या कधीही टाकू नयेत. नॅफ्थलीनची वाफ पॉलिस्टायरीन या प्लास्टिकला मऊ करते आणि गाड्यांच्या काचा, दिवे बहुधा त्याच प्लास्टिकचे असतात. काच एकदा धुरकट झाली की ती पूर्ववत होत नाही. वाळवी किंवा झुरळांची भीती असेल तर कपाटाच्या बाहेर उपाय करावा.

रबरी आणि मऊ प्लास्टिकच्या टायरांची वेगळी काळजी घ्यावी लागते. टायर लवचीक ठेवण्यासाठी मिसळलेले तेलकट द्रव्य हळूहळू बाहेर येते आणि टायर ज्यावर टेकला आहे त्या प्लास्टिकला खाऊ लागते. पारदर्शक डबीत वर्षानुवर्षे स्क्रूने आवळून ठेवलेली गाडी काढली की चाकांचे ठसे डबीच्या तळात उमटलेले दिसतात. त्यासाठी गाडीखाली आम्लविरहित कागदाची किंवा पॉलिएस्टर फिल्मची पट्टी ठेवावी आणि वर्षातून दोनदा गाडी थोडी पुढेमागे सरकवावी. बंद कार्डांसाठी संरक्षक कवच घेताना ते पीव्हीसीचे नसून पीईटीचे आहे याची खात्री करावी.

कपाटावर थेट ऊन पडू देऊ नये. लाल आणि नारिंगी रंग सर्वांत आधी उडतात, कार्डे त्याहूनही लवकर फिकी पडतात. आत दिवे लावायचे असतील तर एलईडीच लावावेत आणि त्यांचा ट्रान्सफॉर्मर कपाटाबाहेर ठेवावा.

धूळ काढण्यासाठी मेकअपचा मऊ रुंद कुंचला सर्वांत चांगला. आरसे आणि मागचा पंख यांना तो अडकू नये म्हणून गाडी हातात धरून पुढून मागे फिरवावा. बाजारातून आणलेली मळकी उघडी गाडी कोमट पाण्यात दोन थेंब सौम्य द्रव साबण टाकून मऊ ब्रशने धुवावी, मऊ कापडाने टिपावी आणि आसांत शिरलेले पाणी निघून जाण्यासाठी चाके वर करून पंख्याखाली पूर्ण वाळवावी. थिनर, पेट्रोल, नेलपॉलिश काढायचे द्रव किंवा स्पिरिट लावू नये. छापलेले दिवे आणि बोधचिन्हे त्याने क्षणात पुसली जातात. जुन्या गाड्यांच्या रंगात शिसे असू शकते आणि नव्या गाड्यांचे आरसे सहज निखळतात, त्यामुळे तान्ह्या मुलांच्या हाती या गाड्या देऊ नयेत. घरातल्या लहानांसाठी दोन-तीन मजबूत गाड्या वेगळ्या ठेवाव्यात.

नोंदवही

पहिल्या गाडीपासून नोंद ठेवावी, कारण पन्नासाव्या गाडीनंतर मागची माहिती आठवत नाही. गाडीची पिढी, कंपनी, मालिका, रंग, तळावरचे वर्ष आणि संकेत, कुठे बनली, कोणाकडून कितीला घेतली, स्थिती काय आणि मोजलेली लांबी व चाकांमधले अंतर, एवढे रकाने पुरतात. मोजमापाचे रकाने बहुतेक जण वगळतात, पण दोन वर्षांनी तेच सर्वांत उपयोगी ठरतात. कोणती कंपनी मापाला धरून आहे हे आपल्याच आकड्यांवरून दिसते आणि पुढची खरेदी त्यावर ठरवता येते. प्रत्येक गाडीचे समोरून, बाजूने, मागून आणि तळाचे असे चार फोटो एकाच उजेडात काढून ठेवावेत.

अदलाबदल आणि पाठवणी

यादीत न बसणाऱ्या गाड्या घरात येतातच. भेट मिळतात किंवा संचासोबत येतात. त्या साठवून न ठेवता दुसऱ्या संग्राहकाला द्याव्यात आणि बदल्यात आपल्या यादीतील गाडी घ्यावी. अदलाबदल करताना समोरच्याच्या गाडीचे तळासह फोटो मागावेत, आपल्या गाडीचे दोष स्वतः होऊन सांगावेत आणि दोघांनीही त्या दिवसाचा बाजारभाव मान्य करून फरक रोख ठरवावा.

कुरिअरने पाठवताना उघडी गाडी आधी आम्लविरहित मऊ कागदात गुंडाळावी, त्यावर बुडबुड्यांचे प्लास्टिक गुंडाळावे. ते थेट गाडीला लावले तर उष्णतेत रंगावर गोल ठसे उमटतात. गाडीची चाके एका जागी अडकतील अशी कागदाची घडी तळाखाली द्यावी, म्हणजे वाटेत ती मागेपुढे घसरून बंपर घासत नाही. बंद कार्ड असेल तर त्याच्या दोन्ही बाजूंना कार्डापेक्षा थोडे मोठे कडक पुठ्ठे लावावेत आणि फुग्याभोवती भरपूर मऊ कागद भरावा. खोके हलवून पाहावे. आत काही सरकल्याचा आवाज आला तर पुन्हा उघडून भरावे. जून ते सप्टेंबरमध्ये सर्वांत बाहेर प्लास्टिकची पिशवी चढवून तिचे तोंड टेपने बंद करावे.